हिरोइनच्या गालाला माझा हात

मेकअपवाल्याने माझं मनगट धरलं, हात उलटासुलटा करून बघितला आणि हिरोइनच्या गालाला लावला.

"इससे मॅच करो," मागून दिग्दर्शक म्हणाला. "एकदम रियल स्किन है."

ती गोरीपान. तिला काळी करायची होती, माझ्याएवढी. मी जन्मापासूनच तशी, पण मला घेतलं नव्हतं. रंगाच्या डबीसारखी नुसती खुर्चीशेजारी बसवलेली. हिरोइन म्हणाली, "सो स्वीट ऑफ यू." मीही हसले. कॉमेडी करते ना, तोंड आपोआप हसतं.

मी उत्तनची. कोळ्याची पोरगी. मिरा रोडच्या कॅफेंमध्ये स्टँडअप करते, ओळखीपाळखीच्यांच्या छोट्या फिल्म्समध्ये कामं करते. सगळीकडे मोलकरीणच. मग एका शोला हा दिग्दर्शक आला. कोळणीवर फिल्म करत होता. म्हणाला, "तूच माझी नायिका." आईशप्पथ, घरी येऊन ढसाढसा रडले मी. पावसाळाभर तालमी केल्या. आम्ही कसं बसतो, कसं भांडतो, शिव्या कशा घालतो, सगळं त्याच्यापुढे ओतलं. आणि शूटिंग तोंडावर आल्यावर हा म्हणतो, "प्रोड्यूसरला चेहरा हवाय. तू तिला भाषा शिकव. शेजारणीचा रोल आहेच की तुला."

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! तरी राहिले. म्हटलं, फिल्म फेस्टिव्हलला जाईल, कुणाला तरी मी दिसेन.

शॉट आमच्याच किनाऱ्यावर, बोंबील वाळत घालतात तिथे. गर्दीसाठी गावातल्या बायका बोलावलेल्या. त्यात माझी आई. शूटिंग म्हणून सगळ्या नटूनथटून आलेल्या. गळ्यात, कानात, हातात सोनं. आमच्यात चारचौघांत जायचं तर अंगावर सोनं हवंच.

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. "अरे, ह्या गरीब वाटतच नाहीयेत! काढायला सांग. तुझ्या आईपासून सुरू कर, बाकीच्या ऐकतील."

आईने ते ऐकलं. "मासली इकून केलेला सोना हाय," ती म्हणाली. "न्हाय काढनार."

हिरोइनने लगेच मान वेळावत तिची नक्कल केली, "न्हाय काढनार!" अख्खं युनिट हसलं. माझ्या आईला, तिच्याच गावात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "सर, मी सांगणार नाही," म्हटलं. "ती गरीब नाहीये. तुम्हाला ती गरीब हवीये."

तो जवळ आला. अगदी हळू बोलला. "इंडस्ट्री छोटी आहे. परत कुणी बोलावणार नाही तुला."

"नका बोलावू."

शेजारणीच्या रोलसाठी मुद्दाम फाडून आणलेली साडी मी घरी जाऊन सोडली, परत येऊन सेटवरच्या स्पॉटदादाच्या हातात दिली. बायकाही उठून गेल्या. फिल्म अडली नाही. दुसरीकडून माणसं आणली. हिरोइनला बक्षीस मिळालं, "मातीतला अभिनय" म्हणे. थू!

मला खरंच कुणी बोलावलं नाही. झोंबतं. खोटं कशाला बोलू?

परवा पहिल्यांदा एकाचा फोन आला. मच्छीवालीचा रोल, जरा कॉमेडी.

मी विचारलं, "लोकांनी हसायचं कुणाला?"

तो गडबडला. "म्हणजे... तिच्या बोलण्याला, वगैरे."

"मग नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

असलाच असेल तर पुढचाही ठेवीन. त्याच्या पुढचाही. पण अभिनय सोडणार नाही. ते सुख मी त्यांना देणार नाही.