गोदूबाईचा बिडाचा तवा

मसुऱ्याच्या गोदूबाईचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि तव्याच्या बाबतीत तर देवावरही नव्हता. बिडाचा जड तवा, आईकडून आलेला. त्यावर फक्त घावनं. भाकरी नाही, मासळीचं तर नावही नको. पाणी लावायचं नाही, तेलाच्या फडक्याने पुसून ठेवायचा. गावात कुणाकडे पाहुणे आले की घावनांना बोलावणं गोदूबाईलाच.

सत्तावन्न साली तिच्या सत्यवानाचं लग्न झालं आणि तो मुंबईला नोकरीवर परत गेला. घरात राहिली सून सुगंधा, शिरोड्याच्या मिठागरातल्या कामगाराची मुलगी. नवीन पोर, कधी हात लावील नेम नाही, म्हणून गोदूबाईने तवा अडगळीच्या खोलीत लपवला. सुगंधाच्या माहेरून आलेल्या मिठाच्या गोणीमागे.

झालं, घावनं चिकटायला लागली. गोदूबाईने तवा हुंगला, उजेडात धरला.

"ह्या तव्यार सुको बांगडो भाजलंस मां गो?"

"नाय ओ, आये."

भाजलाय म्हणून कबूल करील ती सून कसली! गोदूबाईने पाळत ठेवली. सुगंधा दुपारी पदराखाली काहीतरी घेऊन त्या खोलीत जाते, हेही तिने टिपलं. मग तिने सरळ सांगून टाकलं, "सत्यवान जत्रेक इलो, की तुका शिरोड्याक पोचवूक सांगतंय." सुगंधा रडली आणि निमूटपणे ट्रंक भरायला लागली.

सत्यवान यायच्या दिवशी दुपारी गोदूबाईने खोलीचं दार ढकललं. सुगंधा मांडीवर तवा घेऊन तेलात बुडवलेल्या कांद्याच्या फोडीने त्यावरचा गंज घासत होती.

"हात लावलंस मां शेवटी?"

"लावलंय. मिठाकडे लोखंड ठेवल्यार गंजता, आये. मी रोज पुसतंय, तो रोज गंजता."

"मग माका सांगाक काय झालेला?"

"हात लावलंय म्हटल्यार पुढचा तुमी ऐकतलास?"

ऐकलं नसतं, हे गोदूबाईला पक्कं ठाऊक होतं. तवा मिठात कुणी नेऊन ठेवला, हेही.

तिने तवा उचलला आणि चुलीजवळच्या खुंटीवर, सुनेच्या हाताला येईल असा टांगला. पण वळता वळता सवयीने हुंगलाच. सुगंधा मागेच उभी होती.

"ट्रंक मोकळी कर," तिच्याकडे न बघता गोदूबाई म्हणाली. "आणि पीठ कालव. आज घावने तू घाल."