फाटकापर्यंतची बस

शाल खांद्यावर पडली आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. वास ओळखीचा होता. शालही ओळखीची. जांभळी, सोनेरी काठाची. दिवाळीच्या साफसफाईत मीच तिची घडी घालून काकूंच्या कपाटात ठेवली होती. काका नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना ढिगाने शाली मिळाल्या. तेव्हापासून कुणाचा सत्कार निघाला की त्या ढिगातली एक बाहेर निघते.

शाल घालणाऱ्या काकूच होत्या. मी त्यांच्याकडे भांडी-फरशी करायचे. माझ्या आधी एका डॉक्टरीणबाईंचा सत्कार झाला. काकूंनी त्यांच्या खांद्यावर शाल नीट सारखी केली, त्यांचे हात हातात घेतले. माझी पाळी आली तेव्हा लांबूनच टाकली. घसरली ती मीच धरली. नारळ माझ्या हातात दिला नाही, समोरच्या टेबलावर ठेवला. मग माईकवर म्हणाल्या, "या फाटकापलीकडच्या वस्तीच्या प्रतिनिधी. आमच्याकडेच भांडी-फरशीला असतात."

लोक हसले. कौतुकाने हसले म्हणे. माझ्या कानशिलात कुणी मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

जळगावात शहर बसचे नवे मार्ग ठरत होते. ते लोकांना विचारून ठरवायचे, असं ठरलं होतं. विचारायचं काम एका खासगी कंपनीकडे, आणि आमच्या भागात त्या कंपनीच्या मदतीला कॉलनीची नागरिक समिती. समितीत काकू. वस्तीतलं कुणीतरी दाखवायला हवं होतं. काकू मला म्हणाल्या, "तूच चल. जरा बरी साडी नेस." वस्तीनेही जा म्हटलं. मी आनंदाने गेले. खोटं कशाला सांगू, छाती भरून आली होती माझी.

कारण माझी थोरली. फार्मसीला आहे. कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. येताना रेल्वे फाटकापर्यंत रिक्षा मिळते. फाटक ओलांडून एकही रिक्षावाला वस्तीत येत नाही. पुढे दारूचं दुकान, मोडका रस्ता, दिवे नाहीत. हिवाळ्यात तिथे तिची ओढणी ओढली कुणीतरी. त्या दिवसापासून तिच्या बापाने एकच लावून धरलं होतं. दारात बस आली तर पोरगी शिकेल, नाहीतर कॉलेज बंद. शिंदखेड्याचं एक स्थळ त्याच्या खिशातच होतं. म्हणजे माझ्या पोरीचं शिक्षण त्या बसवर येऊन अडलं होतं.

कंपनीच्या माणसाने पडद्यावर नकाशा दाखवला. बसची रेघ लाल. ती बाजारातून आली, फाटकाला टेकली आणि वळून कॉलनीत शिरली. कॉलनीत दारोदारी मोटारी उभ्या. फाटकापलीकडे नकाशा नुसता राखाडी. आमची वस्ती बौद्धांची, शेवटाला भिल्लांची घरं, एवढी माणसं तिथे राहतात आणि नकाशावर तिथे काहीच नाही.

कॉलनीतले एक साहेब उठले. आवाज मऊ. "माझा कुणालाही विरोध नाही. पण बस पलीकडून भरून आली तर आमच्या मुली-सुना तिच्यात बसणार नाहीत. शेवटी स्वच्छतेचाही प्रश्न असतो."

कंपनीच्या माणसाने मान हलवली. "पॉइंट बरोबर आहे."

मी उठायला लागले. काकूंनी टेबलाखाली माझा गुडघा दाबला. "नंतर." आणि माईक स्वतःकडे ओढून म्हणाल्या, "हिची काही हरकत नाही."

टाळ्या झाल्या. मार्ग सर्वानुमते ठरला. मी तिथेच बसलेली होते, अंगावर शाल घेऊन. आपल्याकडे सत्कार घेतलेल्या माणसाने त्याच मांडवात तक्रार करायची नसते. ते कुणी शिकवत नाही, अंगातच असतं. आपला मान ठेवला त्यांनी, आता आपण त्यांचा ठेवायचा. पुढे नारळ, बाजूला डॉक्टरीणबाई, समोर फोटोवाला. ती शाल काढून फेकावी असं फार वाटत होतं आणि हात उचलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं, वस्तीच्या प्रतिनिधींनी मार्गाला संमती दिली. नळावर बायका माझ्याकडे बघून गप्प झाल्या. एक बोललीच, "या शालवाल्या बाई, तुमचा हंडा आधी लावा." आमच्या गल्लीतले म्हातारे आबा काठी टेकत दारात आले. "माय, तुले आमीन धाडं, आन तू हो म्हनीसन उनी?" मी हो म्हटलंच नव्हतं, हे फोटोतल्या बाईला बघून कोण मानणार?

रात्री नवरा जेवता जेवता म्हणाला, "बस फाटकपावत. तठेन घरपावत अंधार. आते बठ्ठं ठरी गयं ना? शिंदखेडावालास्ले मी हो सांगी देस." स्थळाला होकार ऐकूनही पोरगी उद्याच्या प्रॅक्टिकलचा पांढरा कोट इस्त्री करत राहिली. तो कोट बघून मला रडू फुटलं आणि तेही मी मोरीत जाऊन उरकलं.

इकडे काकू, तिकडे वस्ती, घरात नवरा. श्वास घ्यायला जागा नव्हती. तरी मी कामावर जातच होते, कारण न जाऊन चालणार नव्हतं. एकदा कुकर घासता घासता म्हटलं, "काकू, बस वस्तीत आली पाहिजे. पोरीचं कॉलेज सुटतंय."

काकू मोबाईलमधून मान वर न करता म्हणाल्या, "अगं, तुमच्यात लग्नं लवकरच होतात ना? मग कशाला एवढी ओढाताण? आणि तुझा मान आम्ही ठेवला ना? स्टेजवर बसवलं."

माझे हात थांबले. राग आला. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. यांना माझं तोंड नको होतं, फोटोत लावायला नुसता चेहरा हवा होता. माझ्या पोरीचं लग्नसुद्धा यांनी परस्पर ठरवून टाकलं. मी कुकर तसाच ठेवला, हात धुतले आणि घरी आले. नळावर सगळ्या बायकांना गोळा केलं आणि त्या दिवशी काय झालं ते सांगितलं. गुडघा दाबला तेही सांगितलं. शालवाली म्हणणारी बाईच आधी म्हणाली, "पुढची बैठक कधी शे? आपन समद्या जाऊत."

मार्ग कायम करायची शेवटची बैठक होती, तिला आम्ही गेलो; तोवर काकूंकडचं काम मी सोडलं नव्हतं. माझी पोरगीही आली. सुरुवातीला पुन्हा सत्कार. माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले नाही. खुर्च्यांच्या मधोमध उभी राहिले.

"मी सत्कार घेणार नाही. मागच्या वेळी मी हो म्हटलं नव्हतं. मला कुणी विचारलंच नव्हतं."

काकू उठल्या. "खाली बस. तमाशा नको."

"काकू, मी आज तुमच्याकडे कामाला आलेली नाही."

मी त्या मऊ आवाजाच्या साहेबांकडे वळले. "साहेब, तुमच्या नातवाला आंघोळ घालते ती बाई आमच्याच गल्लीतली. तिचा हात चालतो, बसमध्ये शेजार चालत नाही?"

कंपनीचा माणूस म्हणाला, "ताई, पलीकडचा रस्ता अरुंद आहे."

मागून बायका ओरडल्या, "मतं मागणाऱ्या गाड्या कशा येतात मग?"

माझी पोरगी माईक घेऊन बोलायला उभी राहिली तेवढ्यात माईक बंद झाला. "मुद्दा नोंदवून घेतला आहे," एवढं सांगून कंपनीच्या माणसाने चहा मागवला. तिने माईकशिवाय सांगितलं. मोठ्याने. ओढणीचंही सांगितलं. चहा घेऊन आलेली माणसं ट्रे धरून थांबली होती.

फोटोवाल्याने त्या दिवशी फोटो काढला नाही. संध्याकाळी काकूंचा फोन आला, "उद्यापासून येऊ नकोस." आठवड्याभरात कॉलनीतली बाकीची दारंही मला बंद झाली. कंपनीला मार्गाचं विचारलं की फेरविचार चालू आहे म्हणतात. थांब्याचा खांब मात्र फाटकाच्या अलीकडेच रोवला आहे. कुणी म्हणेल, काय मिळालं? अजून काही नाही.

शिंदखेड्याला मी स्वतः फोन केला. सांगितलं, पोरगी शिकतेय, आमची वाट बघू नका. नवरा माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. अंधार पडला की गल्लीतल्या बायका आणि मी पोरीला आणायला फाटकावर जातो. दारूच्या दुकानासमोरूनच येतो, खाली मान न घालता.

पहिली बस निघेल तेव्हा हार घालतील, नारळ फोडतील, भाषणं होतील. ती फाटकाशी येऊन वळायला लागेल तेव्हा आम्ही तिच्यापुढे उभ्या असू. ड्रायव्हरला मी सांगणार आहे, भाऊ, तुझ्यावर राग नाही, पण गाडी वळवू नको, सरळ घे. पोलीस बोलावतील. बोलावू देत. बस सरळ वस्तीत जाईपर्यंत मी रस्त्यातून हलणार नाही.