झाकणाआतला चिमणीचा पाय

भिंगमामा दुकानात असले की त्यांचा उजवा डोळा कोणालाच दिसत नसे. तिथे काळं भिंग. डाव्या डोळ्याने ते गिऱ्हाइकाशी बोलत आणि उजव्याने घड्याळाशी.

मामी म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हाही भिंग लावूनच येणार होते. सासूबाईंनी खिशातून काढून घेतलं."

"म्हणून तर फसलो," मामा म्हणत.

दुकान कसलं, जिन्याखालची सांदच ती. ताठ उभं राहिलं की डोकं वरच्या पायरीला लागे, म्हणून मामा आधी "बसा" म्हणत आणि मग "काय बिघडलंय?" विचारत. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. कोणी विचारलं, "मामा, यातली बरोबर वेळ कोणती?" तर उत्तर ठरलेलं : "तुम्हाला सोयीची असेल ती." सेल बदलायचं खातं मामींकडे, यंत्राचं मामांकडे. पण फोन आले आणि यंत्राचं खातं हळूहळू ओस पडलं. लोक मनगट रिकामं ठेवून फिरू लागले. मामा कुढत नसत. एवढंच म्हणत, "फोनात वेळ बघायला गेलेला माणूस वेळ सोडून बाकी सगळं बघून येतो."

अशा मंदीत एका दुपारी पांढरेबूट आला. हे नाव मामींनी ठेवलेलं. बाहेर एवढा चिखल, पण याच्या बुटांवर डाग म्हणून नाही. त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून घड्याळ.

"चालू आहे," तो म्हणाला. "दुरुस्त करायचं नाही. खरं आहे का, एवढंच सांगा."

मामांनी झाकण उघडलं आणि भिंग आणखी जवळ नेलं. असं यंत्र त्यांनी आयुष्यात फक्त चित्रात पाहिलं होतं. "खरं आहे," ते म्हणाले. आवाज देवळात बोलावा तसा.

मग तो येतच राहिला. कधी एक घड्याळ, कधी दोन-तीन, आणि पैसे न मागता जास्त. मामा खूश. मामी नव्हत्या. "एक गोष्ट लक्षात आली का तुमच्या? हा माणूस एवढी घड्याळं आणतो, पण स्वतःच्या हातात एक नाही."

"हलवायाने मिठाई खाल्लीच पाहिजे का?"

"हलवाई निदान दुकान तरी दाखवतो."

मामा हसले. पुढे त्यांना हे हसणं आठवलं असेल का, कोण जाणे. कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी ती चूक केली, जी फक्त एखादा चांगला कारागीरच करू शकतो.

ज्यांच्याकडे मामा काम शिकले त्यांची एक शिस्त होती. झाकण उघडलंस तर आतून आपली खूण केल्याशिवाय बंद करायचं नाही. पुढच्या कारागिराला कळलं पाहिजे, आधी कोणाचा हात लागलाय. मामांची खूण म्हणजे चिमणीचा पाय, एका टिंबातून निघालेल्या तीन रेघा. पोलादी सुईने कोरलेल्या, केसाहून बारीक, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या. गल्लीतल्या प्रत्येक घड्याळात हा पाय होता. आणि मामांनी सवयीने, काही मनात न आणता, पांढरेबुटाच्या प्रत्येक घड्याळातही तो कोरला होता.

एक दिवस त्याने आणलेलं घड्याळ उघडताच मामा म्हणाले, "अहो, हे तर माझ्याकडे येऊन गेलंय!"

पांढरेबूट बाकावर मागे टेकलेला होता, तो पुढे आला. "कशावरून?"

"ही काय, माझी खूण. बघा, बघा भिंगातून. पण मागच्या वेळी पट्टा तपकिरी होता, आता काळा आहे. जगभर फिरून आलेलं दिसतंय बिचारं."

मामींनी टेबलाखालून मामांच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला. मग अगदी गोडीने म्हणाला, "मामा, समजा तुम्हाला कोणाला मोठी रक्कम पोचवायची आहे. समुद्रापलीकडे. आणि कोणी विचारायला नकोय. कशी पोचवाल?"

"मनीऑर्डर," मामा म्हणाले.

तो मनापासून हसला. "बँक आली की कागद आला. नोटा न्याव्यात तर पेटी भरते, आणि विमानतळावरच्या कुत्र्यांना त्यांचासुद्धा वास येतो. फोनातले नवे पैसे आहेत ना, त्यांना सगळे म्हणतात की ते कोणाला दिसत नाहीत. चूक. ते कधी पुसलेच जात नाहीत. दहा वर्षांनी कोणी पोरगं संगणकासमोर बसतं आणि एकेक पाऊल मागे येत तुमच्या दारात उभं राहतं. सोनं बरं, पण यंत्रातून जाताना बोंबलतं. आणि हे?" त्याने घड्याळ स्वतःच्या मनगटावर ठेवलं. "हे बघून तपासणारा साहेब म्हणतो, छान आहे हो, कुठून घेतलंत?"

"म्हणजे ही घड्याळं…"

"घड्याळं नाहीत, मामा. तुम्ही एकटेच त्यांना घड्याळं म्हणता." घड्याळ उचलून तो निघून गेला.

त्यानंतर तो फिरकला नाही तेवढे दिवस मामी दाराशी पाऊल वाजलं तरी दचकत. मामा मात्र जेवताना स्वतःशीच बोलत, "खूण केली, त्यात काय वाईट केलं? खूण करायचीच असते."

"कोणाच्या पैशावर सही करतोय हे तरी बघायचं होतं!" मामी म्हणाल्या.

तो परत आला तो पेढे वाटायला आल्यासारखा. "मामा, तुम्ही मोठे झालात! पलीकडचे लोक आता झाकण उघडतात, चिमणीचा पाय बघतात आणि बंद करतात. यंत्र बघतच नाहीत. पाय आहे म्हणजे माल खरा." आणि त्याने टेबलावर कापडी पिशवी उपडी केली. एकसारखी चकाकणारी घड्याळं. मामांना भिंगही लावावं लागलं नाही. वजनावरूनच कळलं. सगळी खोटी.

"यांच्यातही तो पाय कोरा," तो म्हणाला. "सावकाश. घाई नाही. पुढच्या आठवड्यात येतो."

"खूण म्हणजे मी पाहिलंय आणि खरं आहे," मामा म्हणाले.

"तेच तर हवंय."

तो गेल्यावर मामांनी शटर अर्धं ओढलं. दोघं आत बसून राहिली.

"खोट्यावर खूण कोरली, तर पलीकडच्याला एक दिवस कळणारच," मामा म्हणाले. "तो पायाच्या मागावर इथे येईल. नाही कोरली, तर हा पांढरेबूट आहेच."

"पोलिसांत जाऊ."

"आणि काय सांगू? वर्षभर याचे पैसे घेतले ते?"

मामींनी मामांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. मग हळूच म्हणाल्या, "हात चालेनासा झाला तर?"

दुसऱ्या दिवसापासून मामांचा उजवा हात थरथरू लागला. चहाच्या टपरीवर, किराणावाल्याकडे, जिन्यात, सगळीकडे. कोण बघतंय आणि कोण जाऊन सांगतंय हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून घरातही सुट्टी नाही. पहिले दिवस मामी दिग्दर्शन करत : "जरा जास्त होतंय. कप सांडा, पण बशी फोडू नका, सेटमधली आहे." गल्ली हळहळली. आयुष्यभर केसाएवढे स्क्रू धरणारा हात, काय ही वेळ!

पांढरेबूट आला. त्याने एक बारीकसा स्क्रू मामांच्या तळहातावर ठेवला. "उचला चिमट्याने." चिमटा टेबलावर टकटक वाजत राहिला, स्क्रू खाली पडला. तो मामांच्या तोंडाकडे बघत होता, हाताकडे नाही. मग त्याने स्वतः भिंग लावलं, मामांची सुई उचलली आणि एका झाकणात तीन रेघा ओढल्या. मधली वाकली. त्याने निरखून पाहिलं.

"जमलं की," तो म्हणाला. "एवढ्यासाठी मी तुमच्या मिनतवाऱ्या करत होतो?" पिशवी भरून, सुई वरच्या खिशात लावून तो निघाला. जाताना मामींना म्हणाला, "काळजी घ्या यांची."

"सुटलो!" मामी म्हणाल्या.

"सुटलो कसले," मामा म्हणाले. "माझा हात घेऊन गेला तो."

तरी थरथर सोडता येईना. आज हात बरा दिसला तर उद्या पिशवी परत यायची. मामा थरथरत जेवत, थरथरत शर्टाची बटणं लावत, थरथरत झोपत. हळूहळू मामींनी "जरा जास्त होतंय" म्हणणं सोडून दिलं.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी एक वयस्कर गृहस्थ आले. करड्या रंगाचा स्वेटर, हातात टोपी, बोलणं शिक्षकासारखं. "बसा" म्हणायच्या आधीच वाकून बसले. त्यांनी खिशातून नुसतं एक झाकण काढून टेबलावर ठेवलं.

"ही खूण तुमची का?"

मामांनी भिंग लावलं. मधली रेघ वाकडी होती.

"नाही," ते म्हणाले. "नक्कल आहे. माझी रेघ वाकत नाही."

"हे खोटं घड्याळ पलीकडे आम्हाला ज्याने दिलं तो म्हणतो, तुमचीच. त्याला आम्ही नीट विचारलं." गृहस्थांनी टोपी मांडीवर ठेवली. "फार नीट. तर मग मी कोणाचं खरं मानू?"

मामींच्या हातातला सेल गडगडत खाली गेला. कोणी उचलला नाही.

"करून दाखवतो," मामा म्हणाले. आवाजात बऱ्याच महिन्यांनी जोर होता. आता कोणाला फसवायचं नव्हतं. उलट, खरं काय ते एकदा दाखवलं की संपलं. त्यांनी दुसरी सुई घेतली, एक जुनं झाकण घेतलं, कोपर टेबलावर टेकवलं, चाळीस वर्षं टेकवत आले तसंच. टिंब टोचलं. पहिली रेघ ओढायला लागले.

हात थांबेना.

मामांनी डाव्या हाताने उजवं मनगट आवळलं. परत सुई टेकवली. दात आवळले. "एक मिनिट हं," ते म्हणाले, "एक मिनिट." मामी पुटपुटल्या, "अहो, आता नको ना… आता नका करू." मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेतून मामींना कळलं, की मामा काहीच करत नव्हते.

तिन्ही रेघा झाल्या. मधली वाकली.

गृहस्थांनी हात पुढे करून भिंग मागितलं. दोन्ही झाकणं शेजारी शेजारी ठेवून त्यांनी अगदी सावकाश, मन लावून पाहिलं. भिंग पुसून मामांच्या पुढ्यात ठेवलं. मग मामींकडे वळून ते अदबीने म्हणाले,

"वहिनी, तुम्ही जरा बाहेर बसता का? आणि जाताना ते शटर खाली ओढून घ्या."