बसून न येणारं उत्तर

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या लायब्ररीतली एक खोली आम्हाला दर शनिवारी दहा ते बारा मिळते. सिटिझनशिपच्या परीक्षेचा अभ्यास करायला, असं फॉर्मवर लिहिलंय. अभ्यास होतो साधारण पाऊण तास. उरलेल्या वेळात जे काही होतं त्याचे किस्से इतके साचलेत की परवा बायको म्हणाली, "तुम्ही सिटिझन होऊन चार वर्षं झाली, अजून तिथे काय करता?"

काय करतो म्हणजे? खोली बुक करतो आणि चहा नेतो! लायब्ररीत खायला-प्यायला बंदी, त्यामुळे वर्गाचा उत्तरार्ध पार्किंग लॉटमध्ये, माझ्या गाडीच्या उघड्या डिकीपाशी होतो.

शिकवते रिया. जन्म इथलाच, हायस्कूलमध्ये अमेरिकेचा इतिहास शिकवते. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी. विद्यार्थी तिच्या आजी-आजोबांच्या वयाचे. त्यातले एक पुण्याचे देशपांडेकाका, आमच्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष. शेजारी त्यांच्या पत्नी, शैलाकाकू. आणि समोर नागपूरच्या विमलकाकू, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, सध्या मुक्काम लेकीकडे. काकू वर्गात शिरताना सगळ्यांना "जय भीम" म्हणतात. आता रियाच आधी म्हणते.

*

पहिल्याच दिवशी रियाने विचारलं, "राज्यघटनेचे पहिले तीन शब्द कोणते?"

विमलकाकू खुर्ची मागे सारून ताठ उभ्या राहिल्या. हात सरळ बाजूला, नजर समोर. आम्हाला वाटलं, काकूंना बाहेर जायचंय. शैलाकाकूंनी रस्ता करून द्यायला पाय आवरून घेतले.

"वी द पीपल!" काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"काकू, यू डोन्ट हॅव टू स्टँड," रिया म्हणाली.

"अगं, आमच्या शाळेत रोज सकाळी आपल्या घटनेची प्रास्ताविका म्हणायचो. तीही इथूनच सुरू होते, आम्ही भारताचे लोक म्हणून. सगळं आयुष्य उभं राहून म्हटली. बसून नाही येत मला ते."

पुढच्या शनिवारपासून या प्रश्नाला अख्खा वर्ग उभा राहायला लागला. देशपांडेकाकांचे गुडघे दुखतात, पण तेही उठतात.

*

मग आले राजकीय पक्ष. रिया सांगत होती की पहिल्या राष्ट्राध्यक्षांना पक्ष अजिबात नको होते. पण त्यांच्याच मंत्रिमंडळातले दोन मंत्री भांडले. एकाला बळकट केंद्र सरकार हवं होतं, दुसऱ्याला वाटे की राज्यांचं राज्यांना ठरवू द्या. त्या भांडणातून दोन पक्ष झाले.

"म्हणजे सरकार चालू झाल्यावर फुटले?" देशपांडेकाका म्हणाले. "आमचं मंडळ तर रजिस्टर व्हायच्या आधीच फुटलं होतं!"

ते भांडण गणपतीच्या जेवणावरून झालेलं. काकांचं म्हणणं, पंगत बसणार, वाढपी वाढतील आणि वरणभाताआधी कोणी पुरीला हात लावणार नाही. विरोधकांचं म्हणणं, बुफे ठेवा, ज्याला जे हवं ते तो घेईल. रियाला हे इतकं आवडलं की तिने फळ्यावरची मूळ नावं पुसली आणि लिहिलं, पंगत पार्टी, बुफे पार्टी. तेव्हापासून वर्गात हा धडा कोणाचा चुकलेला नाही.

ही परीक्षा तोंडी, ऑफिसरसमोर इंटरव्ह्यूत होते. काकांना नेमकं विचारलं, "देशातले दोन मुख्य पक्ष कोणते?" काका म्हणाले, "सर, आत्ताचे की सुरुवातीचे?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी सुरुवातीचे सांगायला घेतले. पंगतीपर्यंत पोचल्यावर ऑफिसरने हात वर केला आणि पुढचा प्रश्नच विचारला नाही. काका पास!

*

तेच पहिले राष्ट्राध्यक्ष दोन टर्म झाल्यावर आपणहून घरी गेले, हे वर्गाला पटेना.

"जा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं?" विमलकाकूंनी विचारलं.

"नो."

"तरी गेले?"

सगळ्यांनी देशपांडेकाकांकडे बघितलं. काका अकरा वर्षं मंडळाचे अध्यक्ष होते. काका चष्मा पुसत म्हणाले, "मलाही जा म्हणायला कोणी आलं नाही, त्यात माझी काय चूक?"

रियाने पुढे सांगितलं की जाताना त्यांनी लोकांना बजावलं होतं, पक्षांच्या भांडणात पडू नका, देशाचं वाटोळं होईल.

"मग ऐकलं का कोणी?" शैलाकाकू.

"नोबडी."

"घरातलाच माणूस म्हणायचा की मग," शैलाकाकू काकांकडे बघत समाधानाने म्हणाल्या.

*

आता हसण्यातून जरा बाजूला. विमलकाकूंचा पहिला इंटरव्ह्यू. तयारी सगळ्यांत जास्त त्यांची, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. ऑफिसरने पहिलाच प्रश्न विचारला, घटनेचे पहिले तीन शब्द कोणते?

काकू सवयीने उठायला लागल्या. ऑफिसर अगदी नम्रपणे म्हणाला, "प्लीज रिमेन सीटेड, मॅडम." काकू बसल्या आणि वाचाच गेली. तीन शब्द आठवेनात, मग त्यापुढचंही काही आठवेना. नापास.

त्या शनिवारी डिकीपाशी मी सगळ्यांना चहा ओतून दिला. दुसरी संधी मिळते, पण ती शेवटची. त्यातही चुकलं तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून.

"जाऊ द्या हो काकू, ग्रीन कार्ड आहेच की," मी म्हणालो. चुकलंच माझं.

"ग्रीन कार्डावर मत देता येतं का?" काकूंनी विचारलं. "नागपुरात मी एक मतदान चुकवलं नाही. भर मे महिन्यात डोक्यावर ओला टॉवेल ठेवून रांगेत उभी राहिले. आता तिथे जाणं होत नाही आणि इथे चालत नाही. मत आहे बापा डोक्यात, पण टाकायला पेटी नाही."

मी गुपचूप त्यांचा कप भरला. मला स्वतःची लाज वाटली, कारण मी सिटिझन झाल्यापासून एकदाही मत द्यायला गेलो नव्हतो.

*

काकूंचा मूड सुधारावा म्हणून रियाने वर्गात निवडणूक घेतली. वर्गाचा अध्यक्ष निवडायचा, गुप्त मतदान, चिठ्ठ्या माझ्या टोपीत टाकायच्या. अर्धा तास "तुम्हीच व्हा", "छे छे, तुम्हीच व्हा" यात गेला. शेवटी उमेदवार ठरले देशपांडेकाका आणि विमलकाकू. मतदार मी धरून सात.

निकाल लागला. विमलकाकू सात, काका शून्य!

"काका, यू डिडन्ट व्होट फॉर यू?" रियाला धक्काच बसला.

"स्वतःच स्वतःला मत देणं बरं दिसतं का?" काका म्हणाले. मग हळूच बायकोकडे वळले. "आणि तू गं?"

"मतदान गुप्त असतं ना?" शैलाकाकू म्हणाल्या.

विमलकाकूंनी मात्र स्वतःलाच मत दिलं होतं. "उमेदवार आहे ना मी? मग देणारच!" त्या दिवशी त्या पहिल्यांदा पूर्वीसारख्या हसल्या.

पहिले राष्ट्राध्यक्षही असेच एकमताने निवडून आले होते, असं रियाने सांगितल्यावर काकांना थोडं बरं वाटलं.

*

मग सुरू झाली बसून म्हणायची प्रॅक्टिस. रिया ऑफिसर व्हायची, शैलाकाकू मागून विमलकाकूंचे खांदे धरायच्या. प्रश्न आला की खांदे वर यायचे आणि त्यांच्याबरोबर शैलाकाकूही. मांडीवर जाडजूड ॲटलास ठेवून पाहिला, तो खाली पडला. काकांनी सीटबेल्टचा उपाय सुचवला आणि काकूंना खरंच माझ्या गाडीत बसवून प्रश्न विचारला. बेल्ट ताणला गेला, आवाज काही फुटला नाही.

"परीक्षेत कदाचित हा प्रश्न येणारही नाही," रिया म्हणाली. तिचा चेहरा मात्र काकूंपेक्षा जास्त उतरलेला होता.

*

दुसऱ्या इंटरव्ह्यूला मी ड्राइव्ह केलं. रिया शाळेतून सुट्टी काढून आली. काकू आत गेल्या आणि आम्ही दोघं वेटिंग रूममध्ये दाराकडे बघत बसलो. वीस मिनिटांनी दार उघडलं. काकू बाहेर आल्या, हातात कागद.

"झाले पास."

रियाने त्यांना मिठीच मारली. मी विचारलं, "तो प्रश्न आला नाही ना?"

"पहिलाच आला."

"मग बसून म्हटलंत?"

"नाही जी. मी म्हटलं, सर, मला उभं राहायची परवानगी द्या. तो म्हणे, का? मी म्हटलं, हे शब्द आम्ही बसून म्हणत नाही."

"मग?"

काकूंनी कागदाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"मग काय? त्यानं पेन खाली ठेवलं. कोटाचं बटण लावलं. आणि तोही उभा राहिला."