पाच घरांची मालुबाई

स्वरालीबाईंनी पाहणीचा फॉर्म वाचून दाखवायला घेतला आणि मालुबाईनं पहिल्याच रकान्यावर त्यांना थांबवलं.

"मालकाचं नाव एकच?"

"एकच. सगळ्यात मोठं घर असेल ते सांगा, आक्का."

"मग बाकीच्या चार घरात मी काय पावणी हाय?"

मालुबाई सांबऱ्याची. सकाळच्या बसनं बेळगावात यायची आणि दुपारपर्यंत पाच घरची धुणीभांडी उरकायची. स्वरालीबाई कायद्याच्या कॉलेजात शिकवत. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी सरकारनं नव्या कायद्याचा मसुदा काढला होता, आणि तो त्यांच्या कितपत उपयोगाचा आहे, हे त्या शोधत होत्या.

मालुबाईनं उजवं मनगट पुढं केलं. हाड जरा वाकडंच जुळलं होतं. वर्षापूर्वी दुसरं घर उरकून तिसऱ्याकडं निघाली आणि वाटेत पडली.

"दवाखान्याचे पैसे मागितले, तर दुसऱ्या घरची म्हणाली, आमच्यातनं तू गेलतीस. तिसऱ्या घरची म्हणाली, आमच्याकडं अजून आली न्हवतीस. मग मी कुठं होतो, बाई?"

स्वरालीबाईंनी तिथंच मसुदा उघडला. एक मालक, एक घर असं धरूनच सगळी कलमं लिहिलेली होती. त्या मालुबाईला म्हणाल्या, "हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कोण किती घरी राबतं, हे बायकांना तुम्हीच विचाराल का?"

मालुबाईच्या अंगात वारंच शिरलं. बसमध्ये शेजारी बसलेलीला ती विचारी, खडेबाजारात बांगड्या भरायला आलेलीला विचारी. लिहून घ्यायला स्वरालीबाईंनी वही दिली होती. तीन आठवड्यांत चौसष्ट बायका झाल्या. त्यातल्या एक्कावन्न जणी एकापेक्षा जास्त घरी राबणाऱ्या.

मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला बेळगावात बैठक बसली, तेव्हा स्वरालीबाईंनी माईक तिच्या हातात दिला. मालुबाई कन्नडमध्ये बोलली. मनगट दाखवत तिनं वाटेत पडल्याची सगळी हकिगत सांगितली.

अधिकारी म्हणाले, "रस्त्यावर पडलात तर मालकाचा काय संबंध?"

"साहेब, मी फिरायला न्हवतो गेलतो. एका कामावरनं दुसऱ्या कामावर निघालतो."

मागच्या रांगेतल्या बायका टाळ्या वाजवत उभ्याच राहिल्या. अधिकाऱ्यांनी तिला तेच वाक्य परत म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं.

पाच महिन्यांनी सुधारलेला मसुदा आला. मालुबाई चौथ्या घरी भांडी घासत होती. स्वरालीबाईंनी तिला फोन करून वाचून दाखवलं: 'एक किंवा अनेक मालक.' आणि त्याखाली, दोन घरांमधली वाटही कामातच धरायची.

"परत वाचा की," मालुबाई म्हणाली. तीनदा ऐकलं. मग साबणाच्या हातानंच गच्चीवर पळाली आणि समोरच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या रूपालीला हाक मारून सांगितलं.

कायदा व्हायचा अजून बाकी आहे. पण गेल्या रविवारी मालुबाई चौदा बायका घेऊन स्वरालीबाईंच्या दारात हजर झाली. आजारपणाच्या सुट्टीचं कलम त्यांना मुळीच पटलं नव्हतं.