भांडता येईल असं पेन

हे गेले त्या सकाळी पुण्याला आमच्या मुलीला, रेणूला, फोन केला. "बाबा गेले गं," एवढंच तोंडून निघालं. पलीकडे ती रडत होती आणि मी नुसती फोन कानाला धरून बसले होते... रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. मग मानेवाड्याच्या आमच्या घरी माणसं यायला लागली. जो येईल तो म्हणे, "सुटले बाई. तीन वर्षं तोंडातून शब्द नाही. मुक्या माणसाचं काय जगणं?" मी मान हलवत राहिले. थकले होते, नाहीतर तिथेच एकेकाला सुनावलं असतं. आता महिना उलटून गेलाय, म्हणून सांगते. आमचे हे मुके नव्हते. या तीन वर्षांत ते इतकं बोलले की माझे डोळे दुखायला आले.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली. मशीनींच्या घरघरीत ओरडूनच बोलावं लागे, आणि ती सवय घरी आली. यांनी हळूच सांगितलेली गोष्ट शेजारच्या गल्लीत ऐकू जायची. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा कायम, आणि तो सोडा म्हणून सांगून माझी जीभ झिजली. मग घसा बसला, बसला तो उघडेना, तपासण्या झाल्या आणि शेवटी ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढावं लागलं. गळ्याशी धरून बोलायचं यंत्र आणलं होतं. त्यातून निघालेला आवाज ऐकून नातू पळाला, तेव्हा यांनी ते कपाटात टाकलं ते कायमचंच. मोबाइलवर टाइप करायला रेणूने शिकवून पाहिलं, पण यांची बोटं जाड, एका अक्षरावर ठेवावं तर दुसरंच उमटायचं. एक शब्द होईपर्यंत समोरचा उठून गेलेला असे. म्हणजे राहिलं पेन आणि कागद.

जावयांनी भारीतलं शाईपेन दिलं. ते जपून धरायचं, सरळ टेकवायचं, टोपण सांभाळायचं. आणि त्या पेनाने हे लिहायचे तेही तसंच, इस्त्री केलेलं. "मला पाणी हवे आहे." "कृपया पंखा बंद करावा." मी कागदाकडे पाहतच राहिले. उभ्या जन्मात या माणसाने मला कृपया म्हटलं नव्हतं! हा कोण साहेब माझ्या घरी आणून सोडला डॉक्टरांनी, असं वाटायचं. खरं सांगते, ऑपरेशनपेक्षा मला त्या कृपयाची भीती वाटली.

त्याच दिवसांत काटोलहून माझे धाकटे दीर प्रकाशभाऊ आले. सासऱ्यांनी लावलेली संत्र्याची बाग दोघा भावांच्या नावावर. ती तोडून प्लॉट पाडायचे, असा त्यांचा विचार होता. हे कागद ओढून लिहायला बसले. दोन शब्द झाले आणि पेन अडलं. झटकलं, तर शाईचा ठिपका शर्टावर. मी धावत घरातलं एक बॉलपेन आणून दिलं, ते कागद ओरबाडू लागलं पण उमटेना. तोवर प्रकाशभाऊ बोलत पुढे निघून गेले होते. भाव काय, रस्ता कुठून... उठताना म्हणाले, "चला, झालं मंग. दादाचं काही म्हणणं नाही." हे तोंड उघडून, हात हलवून काहीतरी सांगत होते, आणि दीर चप्पल घालत होते. ते गेल्यावर यांनी पेन भिंतीवर फेकलं आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी पेन शोधायला निघाले. हसू नका, तो एक धंदाच झाला माझा. बर्डीवरची दुकानं झाली, महालातली झाली. जेलपेन भराभर चाले, पण ओली अक्षरं तळहाताला लागून पुसायची, आणि आठवडाभरात रिफिल रिकामी. वापरा आणि फेका म्हणून मिळतात ती पेनं मे महिन्यात खिशातच पाझरायची. काहींवर इतका जोर द्यावा लागे की अर्ध्या पानात मनगट दुखे. आणि महागडं तर नकोच होतं. रागात फेकता येईल, हरवलं तर हळहळ वाटणार नाही, गल्लीच्या टोकाला मिळेल असंच हवं होतं. महाग पेन हातात आलं की माणूस लिहितो, बोलत नाही. अखेर इतवारीतल्या एका दुकानदाराने निळं, काडीसारखं, दहा रुपयांचं पेन पुढे केलं. "काकू, हा घ्या. मक्खन चालते. सही करून पाहा."

"सही नाही करायची," मी म्हटलं, "भांडायचं आहे." आणि यांच्याच वेगाने खरडलं, 'काहून आला बे, बस, च्या घे.' कुठे अडलं नाही. मी डबाभर घेतली.

घरी येऊन एक हातात दिलं. हे काही वेळ रेघोट्या ओढत बसले. मग लिहिलं, "कुठं गेली होती वं एवढ्या उनात? पायाले चाकं लागले का?" मी तिथेच पदर डोळ्यांना लावला. माझा माणूस परत आला होता. पुढच्या रविवारी प्रकाशभाऊंना बोलावून घेतलं. ते बोलत होते आणि यांचं पेन त्यांच्या बरोबरीने पळत होतं. "मी जित्ता हाओ अजून. मले इचारल्याबिगर एका झाडाले हात लावशीन तर पाहा." प्रकाशभाऊंनी ते वाचलं, आणि मग दोघं भाऊ तासभर वाद घालत बसले, एक तोंडाने, एक पेनाने. बाग राहिली.

त्यानंतरची वर्षं सोपी गेली असं मात्र कुणी समजू नये. बोलणाऱ्या नवऱ्याकडे पाठ करून भाजी चिरता येते. लिहिणाऱ्याकडे हात पुसून, चष्मा लावून वळावं लागतं. दिवसातून किती वेळा, ते मोजलं नाही. उशीखाली पेन, फ्रिजवर पेन, कणकेच्या डब्यातसुद्धा एकदा निघालं. लग्नपत्रिकांच्या पाठी, कॅलेंडरची पानं, सगळी यांच्या बडबडीने भरलेली. आल्यागेल्याला मला ते वाचून दाखवावं लागे, आणि मी एखादी शिवी गाळली की हे पेनाने टेबल ठोकत. कधीकधी वाटे, देवा, एक दिवस शांततेचा दे.

शेवटी दुखणं परत आलं. दवाखान्यात डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून रेणूशी बोलत होते, अजून एक नळी, अजून काही दिवस. हे पाठीवर पडलेले, बोटांनी पेन मागत होते. मी दिलं, पण उताण्या माणसाच्या हातात पेनाचं तोंड वर होतं आणि शाई खाली उतरते. दोन अक्षरं, की बंद. रेणू म्हणाली, "बाबा, राहू द्या, थकाल." डॉक्टर निघाले. माझ्या डोळ्यांसमोर दीर चप्पल घालताना दिसले. "थांबा गा डॉक्टर," मी म्हटलं, "त्यांचं बोलणं राहिलं आहे." पलंगाचा दांडा फिरवून डोक्याकडचा भाग उंच केला, गुडघ्यांवर फाइल ठेवली, मनगटाला हात दिला. डॉक्टर थांबले. किती वेळ लागला... पण ओळ पुरी झाली. "नळी नको. घरी चाल. तूही झोप जराशीक, लय थकली वं."

आम्ही घरी आणलं. यांच्याच पलंगावर, यांच्याच खिडकीशी गेले.

आता सगळे मला म्हणतात, आराम करा. करते. दुपारी चार वाजता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारते, "अवो, चहा ठेवू का?" आणि यांचं लिहून होईपर्यंत थांबते. मग एकच कप पाणी ठेवते.