तीन भिंतींचे चाचा

चाचांना पत्ता विचारणारा माणूस लवकर सुटत नसे. चंद्रपुरातली आमची गल्ली ती केवढीशी, एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला सहज पोचावी. पण चाचा हातातली अर्धी ठोकलेली पत्र्याची पेटी आणि हातोडी बाजूला ठेवत आणि सुरू होत. ही सागवानी माडी, आलापल्लीच्या जंगलातून बैलगाड्यांनी लाकूड आणून बांधलेली. ती बंद पडलेली सोड्याची फॅक्टरी. तो पिंपळाखालचा दर्गा. पाहुणा बिचारा घाम पुसत ऐकत राही. सागवानी माडी आमची. तिचा इतिहास दर उन्हाळ्यात थोडा वाढलेला असे, आणि आम्हीही तो वाढू देत असू.

स्वतःच्या घराबद्दल मात्र त्यांचं एकच वाक्य होतं. "माहं घर तीनच भिंतींचं आहे, बेटा. चौथी राजाची." गल्लीच्या शेवटाला गोंड राजांचा परकोट, शहराची जुनी दगडी तटबंदी आहे. चाचांच्या वडिलांनी घर त्यालाच चिकटवून बांधलं होतं. आतून गिलावा, त्यावर हिरवा रंग. दगड कुणाला दिसत नसे.

परकोटाला चिकटलेली घरं हटवणार अशी बातमी आली तेव्हा चाचीच्या तोंडचं पाणी पळालं. मोजणीवाले यायच्या सकाळी तिने चाचांना समोर बसवून बजावलं, आज कोणी काही विचारलं तर माहीत नाही म्हणायचं, बस. चाचांनी मान डोलावली. गल्लीतल्या एकाचाही त्यांच्यावर भरवसा नव्हता. आम्ही सगळे दारात जमलो, काही झालंच तर मध्ये बोलायचं ठरवून.

साहेबांनी हिरवी भिंत ठोकून पाहिली आणि साधीच दिसते म्हणाले. चाचीचा जीव भांड्यात पडला. चाचा खाली मान घालून बसले होते. निघता निघता साहेब सोबतच्या माणसाला म्हणाले की परकोट या घराच्या अलीकडेच संपत असेल, तर पलीकडचे दगड नुसता ढिगाराच, ते उचलून गल्ली आरपार मोठ्या रस्त्याला जोडता येईल.

चाचा उठले. चाचीने त्यांची बाही धरली, ती त्यांनी हळूच सोडवली. मी मध्ये बोलायला पुढे झाले, तोवर त्यांनी हातोडी उचलून हिरव्या रंगावर घातली. गिलाव्याची खपली निघाली आणि मागचा घडीव दगड उघडा पडला.

"संपला नाई, साहेब," ते म्हणाले. "मीच त्याले झाकून बसलो होतो."

परकोट वाचला आणि घर गेलं. मला चाचांचा भयंकर राग आला. कोण कुठला मेलेला राजा, त्याच्यासाठी जित्या बायकोचं छप्पर घालवायचं? हातगाडीवर सामान चढवताना चाची मला म्हणाली, "राजानं कधी माह्या घरचं पाणी नाई पेलं, बेटी. पण हर ईदले त्याच्या भिंतीले रंग मीच देल्ला." चाचांनी ते ऐकलं. मग ते हातगाडी ओढू लागले.

ते दूर शहराबाहेर भाड्याच्या खोलीत गेले. बऱ्याच महिन्यांनी एकदा ते भिंतीपाशी एकटेच उभे दिसले. दगड आता धुऊन स्वच्छ केलेत, लोक बघायला येतात. एका पोराने मोबाइल रोखला आणि म्हणाला, काका, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय.

चाचा मुकाट्याने बाजूला झाले.

मी माडीवरून तरातरा खाली उतरले. त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा भिंतीला लावून उभं केलं आणि त्या पोराला म्हटलं, "आता काढ."